हाताची सूज पाण्याच्या गोळीने का उतरत नाही: लसीका संस्था, शरीरातला द्रव आणि ऊतींचे आरोग्य

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या एका कुटुंबाने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. साठीच्या आसपासच्या आईची काही वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली, त्याच वेळी काखेतल्या गाठी (लसीकाग्रंथी) काढल्या गेल्या आणि नंतर किरणोपचारही झाले. गेल्या काही महिन्यांपासून डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत सुजतो आहे. सकाळी तो थोडा हलका वाटतो, संध्याकाळपर्यंत बांगड्या रुतू लागतात. घरच्यांनी मीठ तोडले, पाणी कमी प्यायला लावले, ओळखीच्या दुकानातून 'पाण्याची गोळी' आणून दिली आणि तालमीतल्या जाणत्या माणसाकडून तेल लावून हात रगडूनही घेतला, परंतु सूज तशीच आहे. लसीका म्हणजे काय, शरीरातल्या पाण्याशी तिचा संबंध कसा येतो आणि आता पुढे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कर्करोगाच्या उपचारानंतर नव्याने आलेली सूज ही लसीकेचीच आहे असे घरी बसून ठरवू नये. त्याच बाजूला रोग पुन्हा उद्भवला आहे का, काखेतल्या किंवा मानेखालच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का, हे आधी तपासून घ्यावे लागते, आणि वेदना होत असतील, हात बधिर किंवा दुबळा वाटत असेल किंवा सूज काही दिवसांतच वाढली असेल तर हे तपासणे तातडीचे असते. ही शंका फिटली की उरते ती लसीकासूज, म्हणजे लसीकेचा निचरा अडल्याने येणारी सूज, आणि तिच्यावर पाण्याची गोळी, पाणी कमी पिणे आणि जोरकस मालीश या तिन्हींचा उपयोग होत नाही. तो का होत नाही हे नीट समजले तर पुढचे उपचार वर्षानुवर्षे निष्ठेने करण्याचे बळ येते, असा माझा अनुभव आहे. म्हणून थोडे खोलात जाऊन लिहितो.

सत्तर किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 42 लिटर पाणी असते. त्यातले 28 लिटर पेशींच्या आत असते. उरलेल्या 14 लिटरपैकी रक्तद्रव म्हणून वाहिन्यांमध्ये फिरणारे पाणी जेमतेम 3 लिटर, आणि बाकीचे सुमारे 11 लिटर पेशींच्या भोवतालच्या फटींमध्ये असते. त्याला ऊतिद्रव म्हणतात. पेशीला प्राणवायू, साखर आणि क्षार मिळतात ते या द्रवातून, आणि तिने टाकलेला कचराही प्रथम याच द्रवात येतो. निरोगी ऊतीत हा द्रव मोकळा वाहत नसतो. कोलॅजनच्या तंतूंच्या जाळीत आणि हायलुरोनिक आम्लाच्या जेलीसारख्या पदार्थात तो जवळजवळ पूर्णपणे धरून ठेवलेला असतो. जेलीची धरून ठेवण्याची क्षमता संपली की मोकळे पाणी साचू लागते, आणि बोट दाबल्यावर खळगा पडतो तो या मोकळ्या पाण्यामुळे. म्हणजे खळगा दिसतो तेव्हा द्रव साचायला सुरुवात होऊन बराच काळ लोटलेला असतो.

हा द्रव येतो केशवाहिन्यांमधून, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांमधून. रक्ताचा दाब पाण्याला भिंतीबाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिने, मुख्यतः अल्ब्युमिन, त्याला आत धरून ठेवतात. या दोन ओढींचा हिशेब इंग्रज शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1896 मध्ये मांडला आणि त्यावरून पुढे पाठ्यपुस्तकांत एक सोपे चित्र रूढ झाले: केशवाहिनीच्या रोहिणीकडच्या टोकाला पाणी बाहेर पडते, नीलेकडच्या टोकाला त्यातले बहुतेक परत आत शिरते आणि जे थोडेसे उरते ते लसीकावाहिन्या गोळा करतात. आमच्या पिढीतल्या बहुतेक डॉक्टरांनी हेच शिकून परीक्षा दिल्या. गेल्या काही दशकांतल्या संशोधनाने हे चित्र बदलले आहे. केशवाहिनीच्या आतल्या बाजूला शर्करायुक्त रेणूंचा एक अतिसूक्ष्म थर असतो, आणि प्रथिनांच्या ओढीचा खरा हिशेब या थराच्या दोन्ही बाजूंमध्ये होतो, हे लक्षात आले. त्या हिशेबानुसार बहुतेक ऊतींमध्ये केशवाहिनीच्या संपूर्ण लांबीभर पाणी मंदपणे बाहेरच पडत राहते, नीलेकडच्या टोकाला ते सतत परत शिरत नाही. आतड्याचे अस्तर, मूत्रपिंड आणि खुद्द लसीकाग्रंथी हे त्याला असलेले महत्त्वाचे अपवाद आहेत.

या बदलाचे व्यवहारातले महत्त्व फार मोठे आहे. पूर्वी लसीका संस्था ही उरलेसुरले गोळा करणारी दुय्यम व्यवस्था मानली जाई, परंतु हात, पाय, त्वचा आणि स्नायू यांच्यापुरते बोलायचे तर ऊतिद्रव परत नेण्याची ती जवळजवळ एकमेव वाट आहे. लसीकावाहिन्यांमध्ये शिरलेल्या या ऊतिद्रवालाच लसीका म्हणतात, आणि दिवसाला असा सुमारे 8 लिटर द्रव त्यांच्यात शिरतो असा अंदाज आहे. त्यातला जवळपास निम्मा लसीकाग्रंथींमधून जाताना तिथल्या रक्तवाहिन्यांमध्ये शोषला जातो आणि उरलेला 4 लिटरच्या आसपासचा द्रव मानेच्या बुडाशी मोठ्या शिरांमध्ये रिकामा होतो. एकूण रक्तद्रव 3 लिटर असताना त्याच्या अडीचपटीहून अधिक द्रव रोज या वाटेने फिरतो, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे ही वाट अडल्यावर काय होईल ते वेगळे सांगावे लागत नाही.

पाण्याइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची गोष्ट प्रथिनांची आहे. केशवाहिनीच्या भिंतीतून थोडी थोडी प्रथिने सतत निसटत असतात आणि दिवसभरात रक्तातल्या एकूण प्रथिनांपैकी निम्मी तरी अशी ऊतींमध्ये येऊन परत जातात. पाण्याचे रेणू लहान असल्याने परिस्थिती अनुकूल असेल तेव्हा ते केशवाहिनीत शिरू शकतात. एकदा बाहेर पडलेल्या प्रथिनाला मात्र थेट रक्तात परतता येत नाही, त्याला लसीकावाहिनीतूनच जावे लागते. शिरोळ भागातल्या वाचकांना हे पटकन उमजेल, कारण पंचगंगा आणि कृष्णेच्या काठची क्षारपड जमीन त्यांच्या नित्य पाहण्यातली आहे. वर्षानुवर्षे उसाला पाणी दिले जाते आणि निचरा नसल्याने पाणी जमिनीत मुरून राहते. उन्हाने पाणी उडून जाते, पण क्षार मागे राहतात आणि अखेरीस वावर पांढरे पडते. अशा वेळी नुसते पाणी तोडून जमीन सुधारत नाही. जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचऱ्याची वाट करून द्यावी लागते, तेव्हाच क्षार धुऊन जातात. सुजलेल्या हातात क्षारांच्या जागी प्रथिने असतात. पाण्याची गोळी मूत्रपिंडावाटे शरीरातले पाणी आणि मीठ बाहेर काढते, त्यामुळे हात एखाद्या दिवसापुरता सैल वाटतो. प्रथिने मात्र जागच्या जागी आणखी दाट होऊन राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात. विनाकारण घेतलेल्या गोळीने सोडियम-पोटॅशियम घटण्याचा आणि चक्कर येऊन पडण्याचा धोका उतारवयात असतो तो वेगळाच.

हा निचरा प्रत्यक्ष कसा चालतो हे समजून घेतल्याशिवाय व्यायामाचे आणि पट्ट्यांचे महत्त्व कळत नाही. लसीकेच्या अगदी आरंभीच्या वाहिन्या त्वचेखाली सूक्ष्म जाळ्याच्या रूपात पसरलेल्या असतात. त्यांची भिंत पेशींच्या एकाच थराची असते आणि या पेशींच्या कडा एकमेकींवर चढलेल्या असतात. बाहेरून द्रवाचा दाब आला की कडा आत उघडतात, आतला दाब वाढला की मिटतात. या पेशी बारीक तंतूंनी भोवतालच्या ऊतीला जखडलेल्या असतात, त्यामुळे ऊतीत द्रव वाढून ती ताणली गेली की तंतूही ताणले जातात आणि वाहिनी चेपण्याऐवजी उघडते. पुढच्या मोठ्या वाहिन्यांना ठरावीक अंतरावर झडपा असतात आणि दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा आपल्या भिंतीतल्या स्नायूंच्या बळावर मिनिटाला काही वेळा आकुंचन पावून लसीका पुढे ढकलतो. माणूस झोपलेला असतानाही हे काम चालू असते. त्याला मदत होते ती आसपासच्या स्नायूंच्या हालचालीची, रोहिण्यांच्या ठोक्यांची आणि श्वासाची. खोल श्वास घेताना छातीतला दाब उतरतो व पोटातला चढतो, त्यामुळे पोटातून वर येणारी लसीका छातीकडे सरकते.

दोन्ही पाय, पोट, डावा हात, छातीचा आणि डोक्याचा डावा भाग यांची लसीका कण्याच्या पुढून वर जाणाऱ्या मुख्य वाहिनीमार्फत किंवा तिच्या तोंडाजवळ मानेच्या डाव्या बाजूच्या शिरेत येते. उजवा हात आणि डोके-छातीचा उजवा भाग यांचीच तेवढी उजवीकडे स्वतंत्र सोय असते. हाताची लसीका तिथवर पोचण्याआधी काखेतल्या लसीकाग्रंथींमधून गाळली जाते. या आईच्या बाबतीत या ग्रंथी काढल्या गेल्या आणि किरणोपचाराने उरलेल्या वाटांभोवती कठीण व्रण तयार झाला. मग सूज शस्त्रक्रियेनंतर लगेच का आली नाही, असे नातेवाईक नेहमी विचारतात. उरलेल्या वाहिन्या सुरुवातीला जास्त जोराने काम करून भार पेलतात. पुढे त्यांच्या भिंती जाड होतात, झडपा नीट मिटेनाशा होतात आणि आकुंचनाची ताकद कमी पडते. बहुतेक रुग्णांमध्ये हे पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसून येते, तरी त्यानंतर कित्येक वर्षांनीही एखादा जंतुसंसर्ग, वाढलेले वजन किंवा मोठी इजा निमित्त होऊन सूज प्रकट होऊ शकते.

सर्वच सूज अशी नसते, आणि इथे लोकांची मोठी गल्लत होते. निचऱ्याची वाट शाबूत असूनही तिच्या क्षमतेपेक्षा जास्त द्रव येऊ लागला तर तो साचतोच. इचलकरंजीत यंत्रमागावर संपूर्ण पाळी उभ्याने काढणाऱ्या कामगाराच्या घोट्यावर संध्याकाळी सूज दिसते ती या जातीची. नुसते उभे राहिल्यावर घोट्यापाशी शिरेतला दाब सुमारे 90 मिलिमीटर पाऱ्याइतका होतो, आणि चालायला लागल्यावर पोटरीच्या आकुंचनाने तो बराच खाली येतो. म्हणूनच उभे राहण्यापेक्षा चालणे पायांना मानवते. हृदयाची पंपशक्ती कमी झाली, मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जाऊ लागली किंवा यकृत अल्ब्युमिन पुरेसे बनवेनासे झाले तर दोन्ही पायांवर दबणारी सूज येते आणि हृदयाच्या विकारात पाण्याची गोळी खरोखरच उपकारक ठरते, अर्थात डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिलेली. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिनने अनेकांचे घोटे सुजतात. ती सूज केशवाहिन्यांतला दाब वाढल्याने येते आणि त्यावर पाण्याची गोळी जोडण्यापेक्षा मूळ औषध बदलून घेणे शहाणपणाचे असते. एकाच हाताची किंवा एकाच पायाची, बोटांच्या पाठीपर्यंत पसरलेली आणि हळूहळू घट्ट होत जाणारी सूज मात्र लसीकेकडे बोट दाखवते. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी त्वचेची चिमूट धरता येत नसेल तर हा संशय बळावतो. हाताच्या बोटांवरही हीच परीक्षा करता येते, परंतु चिमूट धरता आली म्हणजे लसीकासूज नाहीच, असा उलट निष्कर्ष त्यातून काढू नये.

आता ऊतींच्या आरोग्याकडे येतो, कारण माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वांत दुर्लक्षिलेली बाजू हीच आहे. घरचे लोक सुजेला आकाराचा प्रश्न समजतात. वास्तविक साचलेल्या द्रवामुळे त्या अवयवाची सबंध घडणच बदलत जाते. प्रथिनयुक्त द्रव साचून राहिला की तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी जमतात आणि मंद दाह कायमचा मुक्काम ठोकतो. तंतू बनवणाऱ्या पेशी चाळवल्या जाऊन कोलॅजन साचू लागते आणि सोबत चरबीही वाढते. सुरुवातीच्या अवस्थेत हात उंचावर ठेवला की सूज उतरते. पुढच्या अवस्थेत तेवढ्याने ती उतरत नाही, बोट दाबल्यावर पडणारा खळगाही कमी होत जातो आणि लोकांना वाटते की पाणी ओसरले. प्रत्यक्षात पाण्याची जागा तंतूंनी आणि चरबीने घेतलेली असते. अगदी जुन्या, घट्ट झालेल्या हातावर काही केंद्रांत चरबी शोषून काढण्याची शस्त्रक्रिया करतात ती त्यामुळेच. त्यानंतरची अवस्था त्वचा जाड, खरखरीत आणि चामखिळींसारख्या उंचवट्यांनी भरलेली अशी असते. या आईचा हात सकाळी हलका होतो, म्हणजे अजून बराचसा भाग द्रवाचाच असावा. उपचार सुरू करण्यास हीच वेळ सर्वांत योग्य आहे.

सुजलेल्या ऊतीत पेशी आणि केशवाहिनी यांच्यातले अंतरही वाढते. प्राणवायूला जास्त दूर जावे लागते, जखमा भरायला वेळ लागतो आणि त्वचा फाटते. लसीका ही प्रतिकारशक्तीचीही वाहतूक आहे. त्वचेत शिरलेल्या जंतूची खबर घेऊन जाणाऱ्या पेशी याच वाहिन्यांमधून लसीकाग्रंथीपर्यंत पोचतात आणि तिथे प्रतिकाराची तयारी होते. पायाला काटा मोडला किंवा ठेच पिकली की जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली दुखरी गाठ, येते ते याच तयारीचे लक्षण असते. अशा वेळी गाठ चोळू नये, तिच्यावर डाग देऊ नये, मूळ जखमेवर उपचार करावेत. तीन-चार आठवड्यांनंतरही गाठ तशीच राहिली, दुखत नसूनही वाढत गेली किंवा मानेत अशा गाठी आल्या तर क्षयरोग आणि इतर गंभीर आजारांसाठी तपासणी करून घ्यावी. लसीकेची वाट तुटलेल्या हातात किंवा पायात ही खबर वेळेवर पोचत नाही, जंतूंना मात्र प्रथिनांनी भरलेला द्रव आयता मिळतो. म्हणून त्या अवयवावर धावरे, म्हणजे त्वचेचा पसरत जाणारा जंतुसंसर्ग, पुन्हा पुन्हा उठते. काही तासांत हात लालभडक, गरम आणि दुखरा होतो, थंडी वाजून ताप भरतो. अशा प्रत्येक हल्ल्यात उरलेल्या वाहिन्यांचे आणखी नुकसान होते, त्याने सूज वाढते, आणि वाढलेली सूज पुढच्या हल्ल्याला निमंत्रण देते.

हे चक्र तोडण्याला मी गोळ्या-औषधांपेक्षा अधिक महत्त्व देतो. ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. पायाला कायमची सूज असून धावऱ्याचे वारंवार हल्ले होणाऱ्या 84 रुग्णांना त्यात घेतले होते. ज्यांना नियमित दाबाचे मोजे दिले त्यांच्यापैकी 15 टक्के रुग्णांना पुन्हा हल्ला झाला, आणि ज्यांना ते दिले नाहीत त्यांच्यापैकी 40 टक्क्यांना. फरक इतका ठळक होता की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. वारंवार हल्ले होणाऱ्यांना पेनिसिलिनची छोटी मात्रा दीर्घकाळ देण्याचाही उपयोग होतो, परंतु औषध थांबवल्यावर त्याचा परिणाम ओसरतो. दाब देऊन सूज आटोक्यात ठेवणे हे म्हणून जंतुसंसर्ग रोखण्याचेही साधन आहे.

आपल्या भागात जंतूला वाट मिळते ती कुठून, हे नेमके पाहिले पाहिजे. उसाच्या पानाच्या कडेने हातावर बारीक चिरा पडतात, भांगलण करताना बोटांना माती आणि विळ्याच्या जखमा होतात. गगनबावडा-राधानगरीकडे भाताच्या लावणीत दिवसभर चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात घाण पाण्यातून चालावे लागल्यावर पायाच्या साध्या भेगांमधून किती मोठे संसर्ग होऊ शकतात हे या जिल्ह्यातल्या अनेक घरांनी पाहिले आहे. ज्याला लसीकासूज आहे त्याने चिखल्यांवर त्याच दिवशी बुरशीनाशक मलम लावावे, भेगांना रोज व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोपडावे, आणि साबणाने धुतलेला अवयव बेचक्यांपर्यंत मऊ कापडाने कोरडा करावा. हत्तीरोगाच्या रुग्णांनाही हेच शिकवले जाते. हत्तीरोग हा डासांवाटे शिरणाऱ्या जंतांमुळे होतो. ते जंत लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहून त्या निकामी करतात. महाराष्ट्रात त्याचा उपद्रव प्रामुख्याने विदर्भाच्या पूर्व भागात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे राहिला आहे. सामूहिक औषधवाटपाने त्याचा प्रसार थांबवता येतो, पण एकदा बिघडलेली वाहिनी गोळीने पूर्ववत होत नाही. तिथेही पाय रोज धुणे आणि त्वचा जपणे हाच उपचाराचा पाया आहे.

आतड्यातली लसीका अन्नातली चरबी शोषून नेते आणि जेवणानंतर दुधासारखी पांढरी दिसते. इटलीत गास्पारो असेल्ली यांना 1622 मध्ये नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात या पांढऱ्या रेषा प्रथम दिसल्या. मेंदूच्या आवरणांतही लसीकावाहिन्या असतात हे 2015 च्या संशोधनाने ठामपणे दाखवून दिले. हे शोध महत्त्वाचे आहेत, परंतु त्यांचा आधार घेऊन निरोगी माणसाला 'लसीका शुद्धी'चे चहा, तेले आणि महागडी मालिशे विकली जातात, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. निरोगी लसीकेला चालणे, पुरेसा श्वास आणि आटोक्यातले वजन याहून वेगळे काही लागत नाही.

आता या आईने काय करावे. पहिली गोष्ट, रगडून मालीश करणे आजच थांबवावे. पैलवानाच्या दमलेल्या स्नायूंना जोरकस मालीश मानवते, यात शंका नाही. सुजलेल्या हातात मात्र तेवढ्या जोराने त्वचेखालच्या नाजूक वाहिन्यांना इजा होते आणि रक्तपुरवठा वाढून केशवाहिन्यांतून आणखी द्रव बाहेर येतो. गरम शेकानेही हेच होते, शिवाय त्या हाताला भाजले तरी चटकन कळत नाही. लसीकेसाठी जी मालीश शिकवली जाते ती अगदी हलकी, केवळ त्वचा सरकवणारी असते. तिची सुरुवात मानेपासून आणि छातीपासून होते आणि हात शेवटी येतो, कारण पुढची वाट मोकळी झाल्याशिवाय मागचा द्रव ढकलण्यात अर्थ नसतो. ती शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच शिकून घ्यावी. एकट्या मालिशीने सूज फार काळ उतरून राहत नाही, हेही सांगितले पाहिजे.

मुख्य उपचार दाबाचा आहे. पहिले काही आठवडे हातावर कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे थर बोटांपासून वरपर्यंत, दाब क्रमाक्रमाने कमी करत बांधतात आणि हात उतरला की मापाची दाबबाही वापरायला देतात. औषधाच्या दुकानातली साधी क्रेप पट्टी स्वतःच गुंडाळू नये. ती वर आवळली आणि खाली सैल राहिली तर सूज पंजात उतरते. पट्टी किंवा बाही घालून हात हलवला की स्नायू आणि पट्टी यांच्यामध्ये वाहिन्या आळीपाळीने दाबल्या-सोडल्या जातात आणि निचरा वाढतो, म्हणून व्यायाम बाही घालूनच करायचा असतो. 'त्या हाताने काहीही उचलू नका' हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वजने वाढवत व्यायाम केला तर सूज वाढत नाही आणि ती उसळण्याचे प्रसंगही कमी होतात, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात आढळले. शेतातले काम सोडण्याची म्हणून गरज नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालावेत, एकाच दमात जड ओझे उचलू नये आणि काम हळूहळू वाढवावे. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने उपचाराला मोठीच मदत होते.

पाणी तहानेनुसार प्यावे. पाणी तोडल्याने लसीकेची सूज कमी होत नाही. मीठ बेताचे ठेवणे रक्तदाबासाठी योग्य आहे, पण त्यावर सूज उतरण्याची आशा ठेवू नये. द्रवात प्रथिने साचतात म्हणून डाळी, दूध, अंडी बंद करणाऱ्या काही रुग्णा मला भेटतात. तसे मुळीच करू नये, आहारातली प्रथिने हातात जाऊन साचत नाहीत, उलट ती कमी पडली तर सूज वाढण्याचीच भीती असते. रुतणाऱ्या बांगड्या आणि अंगठ्या त्या हातातून काढून ठेवाव्यात. रक्तदाब मोजणे आणि सुई टोचणे शक्य तेव्हा उजव्या हातावर करून घ्यावे, मात्र एखाद्या वेळी डावा हात वापरावा लागला तर घाबरून जाऊ नये. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अशा गोष्टींचा सूज वाढण्याशी संबंध आढळला नाही. लसीकावाहिनी शिरेला जोडण्याच्या सूक्ष्म शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत होतात आणि निवडक रुग्णांना, विशेषतः लवकर आलेल्यांना, त्यांचा लाभ होतो, तरी त्यानंतरही बहुतेकांना काही प्रमाणात दाबबाही लागतेच.

ज्या कुटुंबात अशी शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे त्यांनी शल्यविशारदांना एक प्रश्न आधीच विचारावा: काखेतल्या सगळ्या गाठी काढाव्या लागतील, की लसीका प्रथम जिथे पोचते तेवढ्याच एक-दोन गाठी काढून तपासता येतील? सर्व गाठी काढल्यावर जवळपास पाचपैकी एका स्त्रीच्या हाताला सूज येते. मोजक्या गाठी काढल्यास हे प्रमाण साधारण वीसपैकी एकीवर येते. रोगाच्या टप्प्यानुसार कधी दुसरा पर्याय उपलब्ध नसतो, परंतु विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

या आईसाठी तूर्त एवढे करावे. दोन्ही हातांची मापे टेपने घ्यावीत: पंजा, मनगट, कोपराच्या खाली आणि वर ठरावीक अंतरावर, दर वेळी दिवसाच्या एकाच प्रहरी, आणि ती वहीत तारखेसह लिहावीत. ही वही, शस्त्रक्रियेचे कागद आणि सध्याच्या गोळ्यांची यादी घेऊन प्रथम कर्करोगाच्या डॉक्टरांकडे आणि त्यांनी शंका फेडल्यावर लसीकेचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जावे. दाबबाहीचे माप हात उतरल्यावरच द्यावे आणि साधारण सहा महिन्यांनी ती बदलावी, कारण धुऊन धुऊन तिचा ताण जातो. मध्येच हात लाल झाला किंवा ताप भरला तर बाही काढून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, प्रतिजैविके सुरू करून घ्यावीत, आणि बाही पुन्हा केव्हा चढवायची हे डॉक्टरांनाच विचारून ठरवावे.